डब्याबाहेर चालवलेला अहवाल

मंगळवार, १० मार्च

पाच तारखेच्या पानावर मी लिहिलं आहे, "चोवीस टाक्यांचा अहवाल डब्यात चालवला. सगळ्या टाक्या योग्य." हे खरं नाही. अहवाल डब्याबाहेर चालवला होता. ती ओळ मी गिरगटून टाकलेली नाही. तिच्यावर एकच सरळ रेघ मारली आणि समासात आजची तारीख घातली. आत्या म्हणते, चूक अशी कापावी की खालचं वाचता आलं पाहिजे. नाहीतर ते झाकणं झालं, सुधारणं नव्हे.

सवयीने लिहिलं गेलं, एवढंच माझं स्पष्टीकरण. रोज डब्यात चालवते, म्हणून त्या दिवशीही डब्यात चालवलं असं हात लिहून मोकळा झाला. जे घडलं ते सोडून जे घडायला हवं होतं ते लिहिलं. या वहीवर माझा फार विश्वास होता.

डबा हे आमच्या ऑफिसातलं नाव. खरं नाव एन्व्हायर्नमेंट, पण एवढं लांबलचक कोण म्हणणार? प्रोग्रॅम एकटा चालत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पन्नासएक लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमचेच तयार तुकडे, त्याला लागतात आणि प्रत्येकीची जुनी-नवी व्हर्जनं असतात. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टचा वेगळा डबा. कुठल्या लायब्ररीचं नेमकं कितवं व्हर्जन घ्यायचं ते लॉक फाइलीत लिहिलेलं असतं. कमांडच्या आधी 'रन' लावलं की ती डब्यात चालते. तो शब्द गाळला तर मशीनवर जे काही जुनंपुराणं पडलेलं असेल ते उचलते, आणि चुकूनही तक्रार करत नाही. हा डबा लांब्याने बांधला. लांब्या माझ्या शेजारी बसतो आणि दारातून वाकून आत येतो. मी नवीन होते तेव्हा त्याने बजावलं होतं, "आईने सांगितलंय ना लहानपणी? डब्यातलंच खायचं, बाहेरचं खायचं नाही. संपलं. यापलीकडे या नोकरीत ज्ञान नाही."

आज एक जुनी कमांड शोधत कीबोर्डवरचा वरचा बाण दाबत मागे मागे गेले, तर पाच तारखेच्या दोन ओळी समोर आल्या. चार एकतीसची, 'रन' लावून; ती अडली. चार अडतीसची, 'रन' न लावता, ती चालली. दोन्ही वेळेसकट मागच्या पानावर उतरवून ठेवल्या आहेत.

मग सगळं आठवलं. पाचच्या ठोक्याला अहवाल पाणी विभागाकडे जायचा होता. डब्यातला प्रोग्रॅम सतराव्या ओळीवर हटून बसला. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "तो पहिला शब्द काढ आणि नुसतं चालव. डब्याचं नंतर बघू." मी काढला. हे सबब म्हणून लिहीत नाही. बोट माझं होतं.

दुपारी पुन्हा डब्यात चालवला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅम. सतरा नंबरच्या टाकीच्या चार नोंदींपैकी दोन आहेत, अडुसष्ट आणि बहात्तर. दोन कोऱ्या, कारण नमुन्याच्या बाटल्या वाटेत फुटल्या. मशीनवरचं जुनं व्हर्जन कोऱ्या जागेला शून्य समजतं. चार नोंदींची सरासरी पस्तीस. योग्य. डब्यातलं व्हर्जन कोऱ्या जागेपाशी थांबून विचारतं, इथे आकडा का नाही? विभागाचा लेखी नियम आहे की नोंद नसेल तर असलेल्या नोंदींचीच सरासरी धरावी. तसं सांगितल्यावर सत्तर आलं. अयोग्य.

म्हणजे त्या दिवशी प्रोग्रॅम बिघडला नव्हता. तो मला काहीतरी विचारत होता. मी त्याला बाजूला सारलं आणि हो ला हो करणाऱ्याकडून उत्तर घेतलं.

बुधवार, ११ मार्च

सरांना सांगितलं. आधी जिन्यात तीनदा घोकलं.

"सर, पाच तारखेचा अहवाल चुकला आहे. माझ्याकडून."

"दार लाव." मी आकडे मांडून नेलेला कागद त्यांनी वाचला, मग चष्मा काढून हसले. "एकच टाकी ना? चोवीसात तेवीस! माझ्या पोराला एवढे मार्क पडले असते तर मी गावभर सांगत फिरलो असतो."

"सर, त्या टाकीचं पाणी लोक पितात."

"पितात तर पितात. इतके दिवस पीतच होते ना? दोन एप्रिलला पुढचा अहवाल जाईल. तेव्हा डब्यात चालव, येऊ दे अयोग्य, विभाग निस्तरेल. आत्ता दुरुस्ती पाठवलीस तर ते तीन वर्षांचे सगळे अहवाल उकरून बसतील. कशाला मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालायचा?"

तीन वर्षांचे कशाला उकरतील ते मला कळलं नाही. डबा तर पहिल्यापासून आहे.

सरांनी विचारलं, आणखी कुणाशी बोलले का. मी नाही म्हणाले. "शाबास. आणि हे सगळं तू कुठे लिहून वगैरे ठेवतेस का?" मी म्हटलं, रोज वही लिहिते, पाच तारखेला तीतही चुकून डब्यात चालवला असंच लिहिलं होतं. "अरे वा! आजकाल कोण लिहितं? कुठे ठेवतेस, ऑफिसात?" मी म्हटलं, नाही, घरी. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि तब्येतीची चौकशी केली. रागावतील म्हणून मी किती घाबरले होते. इतके चांगले वागले की अपराध्यासारखं वाटतंय.

दोन एप्रिल यायला अजून तीन आठवडे आहेत. हे वाक्य का लिहिलं ते माहीत नाही.

गुरुवार, १२ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

ऑफिस झाडून-पुसून आमचा चहा करणाऱ्या मावशी आज कप ठेवताना जांभया देत होत्या. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? नातीचं बघतेय. दोन महिन्यांची झाली. लेक कामावर रुजू झाली, तेव्हापासून पावडरच्या दुधावर आहे. दोन दिवस झाले, बाटली ओढतच नाही. मलूल पडून असते."

"दुधाला पाणी कुठलं घेता?"

"टाकीचं. घरामागेच आहे की, सतरा नंबर. पण ताई, मी दोनदा उकळते हं! एकदा उकळून निववते, परत उकळते. लेकराच्या बाबतीत हयगय नको."

दोनदा उकळतात हे ऐकून मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

घरी आल्यावर आत्याला सांगितलं. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, म्हणून अकराव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आत्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. ती एका दवाखान्यात एकोणीस वर्षं कंपाउंडर होती. औषधाच्या तराजूवर मी बेरीज-वजाबाकी शिकले आणि बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर अक्षर वळवलं. "आधी चिठ्ठी, मग बाटली," हा माझा पहिला धडा.

आत्या भाजी निवडत होती. दोनदा उकळण्यापाशी तिचा हात थांबला.

"उकळून जंतू मरतात. नायट्रेट काय जंतू आहे? पाणी वाफ होऊन जातं आणि हे खाली उरतं. जितकं आटवशील तितकं दाट. अगं, तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू धरू देत नाही! ओठ कसे आहेत पोरीचे?"

"मला काय माहीत? ती घरी असते."

"विचारलंस?"

विचारलं नव्हतं.

"पंचेचाळीस, पंचेचाळीस! मर्यादा तोंडपाठ आहे हिला. कशाची मर्यादा ते विचारावंसं नाही वाटलं? हेच शिकवलं का मी? लाव फोन."

मावशी म्हणाल्या, ओठ जरा सावळट दिसतात, "पण आमच्या घरात गोरं आहे कोण?" आत्याने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मावशी, माझं ऐका. चप्पल घाला आणि बाळाला घेऊन निघा. डॉक्टरांना आधी पाण्याचं सांगा, मग बाकीचं. फोन ठेवा. निघालात का?"

मग आत्या पुन्हा भाजी निवडायला बसली. अर्धी जुडी निवडून झाल्यावर लक्षात आलं, ती पानं टाकून देठ ठेवत होती.

शुक्रवार, १३ मार्च

नात बरी आहे. डॉक्टरांनी काही तास प्राणवायूवर ठेवलं आणि रक्त तपासलं. वेळेवर आणलंत म्हणाले, पाणी बदला म्हणाले. मावशी हे सांगताना रडल्या आणि रडतारडताच मला विचारलं, "पण ताई, राग नका मानू, टाकीवर तुमच्याच ऑफिसचा कागद डकवलाय ना? योग्य म्हणून?" त्यांनी मोबाइलवर फोटो काढून आणला होता. मोठ्या अक्षरात योग्य. खाली बारीक अक्षरात, गणना, आणि पुढे माझ्या नावाची आद्याक्षरं.

मी म्हटलं, मावशी, तो कागद चुकला आहे. मीच चुकवला आहे.

मावशींनी मोबाइल पिशवीत टाकला. मला वाटलं, आता बोलतील. मी तयार होते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग तो काढायला सांगा की. आमच्या आळीत आणखी दोन तान्ही आहेत. मी सकाळी सांगून आले. शेजारीण काय म्हणते ठाऊक आहे? कागदावर योग्य लिहिलंय, तू कधीपासून इंजिनीयर लागून गेलीस?"

ऑफिसच्या फिल्टरचं पाणी मावशींनी दोन बाटल्यांत भरून नेलं. तिन्ही घरांना कसंबसं पुरेल.

बाकी, संध्याकाळी सगळी मशीनं पुसून, म्हणजे आतलं सगळं काढून, नवी करायला घेतली. हळू चालतात म्हणे. सरांनी माझ्या मशीनपासून सुरुवात करायला सांगितली, कारण मलाच जास्त त्रास होतो. माझं मशीन तसं ठीक चालतं, पण त्यांनी आठवणीने सांगितलं. लांब्या वायर गुंडाळत माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुर्बीणबाई, काही ठेवायचं असेल तर आत्ताच घे." ऑफिसात मला दुर्बीण म्हणतात. मी म्हटलं, काही नाही, सगळं प्रोजेक्टमध्ये आहे. त्याने "बघ बुवा" म्हटलं आणि पुसून टाकलं.

रविवार, १५ मार्च

बाबांना सांगितलं. पेपर खाली न ठेवता ते म्हणाले, "साहेबांना सांगितलंस ना? मग तुझं काम झालं. आता ते जाणोत. नोकऱ्या काय झाडाला लागतात?"

आत्या म्हणाली, "दादा, चुकीची पुडी गिऱ्हाइकाच्या हातात गेली तर?"

"ती तुझी दवाखान्यातली गोष्ट नको आता."

"का नको? पुडी चुकली तर मागे धावायचं. डॉक्टर नको म्हणाले तरी धावायचं. चप्पल नसली तरी धावायचं."

"आणि मग घरी बसायचं," बाबा म्हणाले.

मी विचारलं, आत्या, तू खरंच कुणाच्या मागे धावली होतीस? ती म्हणाली, "धावले होते. म्हणून तर तुला शिकवायला मोकळी झाले." याचा अर्थ नीट लागला नाही. आमच्या घरात सगळे सांगतात की माझ्या दम्यामुळे आत्याने दवाखाना सोडला. बाबांनी पेपर उलटा धरला होता, पण तेव्हा हसायची सोय नव्हती.

सोमवार, १६ मार्च

दारावर सूचना लागली आहे: ऑफिसमधील पिण्याचे पाणी बाहेर नेऊ नये. खाली सरांची सही. मावशींच्या पिशवीतल्या बाटल्या रखवालदाराने काढून ठेवायला लावल्या. बिचारा म्हणाला, "मला काय हौस आहे का मावशी? वरून आलंय."

मी सरळ आत गेले.

"सर, ही सूचना मावशींसाठी आहे का?"

"शिस्तीसाठी आहे. बस. मलाही तुझ्याशी बोलायचं होतं. मावशींना तू काय सांगितलंस?"

"कागद चुकला आहे हे सांगितलं. आणि सर, आपण आजच दुरुस्ती पाठवू या. त्या आळीत तीन तान्ही मुलं आहेत. त्यातल्या एकीला प्राणवायू लावावा लागला. पाच तारखेला तुम्ही म्हणालात पहिला शब्द काढ, मी काढला. बोट माझं होतं, मी नाही म्हणायला हवं होतं."

सर शांतपणे म्हणाले, "मी असं म्हणालो?"

"हो सर. चार अडतीसला. खुर्चीमागे उभे होतात."

"मला तर आठवत नाही. मशीनवर आहे का काही?"

मशीन शुक्रवारी पुसलं. मी म्हटलं, माझ्या वहीत उतरवलेलं आहे.

"कुठल्या वहीत? ज्या वहीत तू अहवाल डब्यात चालवला असं लिहिलं होतंस? तूच म्हणालीस ना, ती चुकली म्हणून?" त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "अगं, तू हुशार आहेस, पण मनाला फार लावून घेतेस. अशा माणसांना कधीकधी न घडलेलंही आठवतं."

बाहेर आले. तशीच फिल्टरपाशी गेले, माझी जेवणाच्या डब्याची पिशवी रिकामी केली आणि चार बाटल्या भरल्या. रखवालदारासमोर पिशवी उघडून दाखवली. "पाणी आहे," मी म्हटलं. "बाहेर नेतेय. लिहून घ्या, माझ्या नावावर."

त्याने वही काढली, पेन काढलं, दोन्ही पुन्हा खिशात घातली. "ताई, मला कुठे लिहिता येतंय नीट?" तो रोज सगळ्यांची येण्या-जाण्याची वेळ लिहितो. अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

मावशी कोपऱ्यावर थांबल्या होत्या.

मंगळवार, १७ मार्च

न घडलेलं आठवत असेल का मला? एकदा या वहीत न घडलेलं लिहिलं आहे, तेही मला खरंच वाटत होतं. मग सरांचं वाक्य तरी खरं कशावरून? आवाज आठवतो. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात आठवतो. पण पाच तारखेचा डबासुद्धा मला आठवतच होता.

आज आणखी चार बाटल्या नेल्या. एवढं मात्र नक्की घडलं. हात दुखतोय.

बुधवार, १८ मार्च

काल मी मूर्खासारखा विचार करत होते. मला काय आठवतं याच्याशी टाकीचा संबंधच काय?

सकाळी पुसलेल्या कोऱ्या मशीनवर बसले. ऑफिसच्या सर्व्हरवरून प्रोजेक्ट पुन्हा आणला. लॉक फाइलीवरून डबा नव्याने बांधून घेतला. सहा मिनिटं लागली. विभागाने स्वतः पाठवलेल्या नोंदी घातल्या, 'रन' लावलं, चालवलं. सतराव्या ओळीवर अडला. नियमाप्रमाणे सांगितलं. सत्तर.

मशीन नवं, मागचं काही शिल्लक नाही, आणि आकडा तोच. मी हसायला लागले. लांब्याने वाकून बघितलं.

"काय गं, डोक्यावर परिणाम?"

"तुझ्या मशीनवर चालव."

"मला नको त्यात ओढू. घरी दोन पोरं आहेत, तिसरं बायकोच्या मते मी."

"ओढत नाही. चालव फक्त. डब्यात."

त्याने टाइप केलं. सत्तर. मग इकडे-तिकडे बघून स्वतःहूनच पहिला शब्द काढला आणि पुन्हा चालवलं. त्याच्या अजून न पुसलेल्या मशीनवरच्या जुन्या व्हर्जनने पस्तीस दिलं, गुमान. लांब्या खुर्चीत मागे टेकला.

"डबा यासाठीच बांधला होता मी," तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "उद्या मी मेलो, तू नोकरी सोडलीस, ऑफिस जळलं, तरी कुणीही चालवावं आणि हेच यावं. पण इथे पहिल्यापासून घाईच्या दिवशी सगळे बाहेरचं..." तो थांबला. "मी काही बघितलं नाही. मी काही बोललो नाही. आणि डबा कसा बांधायचा याची एक पानाची चिठ्ठी मी दोन वर्षांपूर्वी लिहिली होती, ती कुणीही वाचत नाही, ती प्रिंटरवर पडली आहे. कुणाची आहे कोण जाणे."

चिठ्ठी घेतली. विभागाच्या प्रयोगशाळेत आमचा हाच प्रोग्रॅम दिलेला आहे, करारातच आहे ते, फक्त तिथे कुणी तो उघडत नाही. नोंदी त्यांच्याच आहेत. म्हणजे मी कुणाचं काही चोरून नेणार नाही. चिठ्ठी, कमांडची एक ओळ आणि विभागाचा नियम, एवढंच. त्यांना म्हणायचं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या वहीवर तर मुळीच नको. तुमच्या मशीनवर, तुमच्या हाताने, डब्यात चालवा.

हे सुचल्यावर दोन घास जास्त जेवले.

विभागात फोन केला. बाई खेकसल्या, "दुरुस्तीचे अर्ज मंगळवारी आणि शुक्रवारी. दहा ते एक. खिडकी तीन. येताना स्वतः या, फोनवर कुणी काही सांगू नका."

मी म्हटलं, स्वतःच येणार आहे. त्या म्हणाल्या, "तेच म्हणते मी," आणि फोन ठेवला. फोन झाल्यावर लक्षात आलं, मंगळवार होता तो कालचाच. काल मी इथे बसून आवाज आठवत होते आणि खिडकी उघडी होती.

गुरुवार, १९ मार्च

सरांपासून लपवून जायचं नाही, असं ठरवलं होतं. चार वाजता अर्ज दिला: उद्या सकाळी येऊ शकणार नाही, पाच तारखेच्या अहवालाची चूक कळवायला पाणी विभागात जाणार आहे.

सरांनी तो दोनदा वाचला. मग खणातून एक टाइप केलेला कागद काढला. तो तयारच होता. त्यावर लिहिलं होतं की पाच मार्चचा अहवाल मी ठरलेल्या पद्धतीने, एन्व्हायर्नमेंटच्या आत चालवला, आणि निकालाबद्दल माझी काही शंका नाही. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"सही कर आणि विसरून जा. नवीन प्रोजेक्ट तुझ्याकडे देतोय, कालच ठरवलं. तू म्हणतेस ना, बोट तुझं होतं? मग याच बोटाने निस्तर."

"सर, यात लिहिलंय ते खोटं आहे."

"तुझ्या वहीत हेच लिहिलं होतंस."

"लिहिलं होतं. आणि कापलं."

"उद्या तिकडे गेलीस तर सोमवारी इथे यायची गरज नाही. तुझ्या वडिलांना सांग, मी समजावलं होतं म्हणून."

मला वाटायचं, असं कुणी म्हटलं तर मी तिथेच रडेन. रडू आलंच नाही. मी म्हटलं, "सर, सतरा नंबरच्या टाकीवर माझ्या नावाचा एक खोटा कागद लागलेला आहे. तो अजून उतरवून झाला नाही. दुसऱ्यावर सही नाही करणार."

"विचार कर."

"केला. नाही करणार."

"तुझं कोण ऐकणार आहे तिथे?"

"माझं ऐकूच नये त्यांनी. चालवून बघावं."

कागद त्यांच्या टेबलावर तसाच ठेवून आले. बाहेर लांब्या मान खाली घालून टाइप करत होता. मावशी कप विसळत होत्या. कप तेवढेच होते, पण विसळणं संपत नव्हतं. पिशवीत आज सहा बाटल्या भरल्या. रखवालदाराने दार धरलं.

घरी बाबांना सगळं सांगितलं, सोमवारचंही. ते माझी चप्पल उचलून तिचा तुटायला आलेला पट्टा शिवायला बसले. आत्याने विचारलं, किती प्रती काढल्यास? तीन, मी म्हटलं. एक खिडकीत द्यायची, एकीवर पोच घ्यायची, एक टाकीपाशी मावशींच्या हातात. आत्याने तिन्ही वाचल्या. एका ठिकाणी माझी तारीख अस्पष्ट होती, ती पुन्हा घालायला लावली.

भीती आहे. नाही असं लिहिलं तर ती आणखी एक कापायची ओळ होईल. भूक लागत नाही आणि दर पाच मिनिटांनी वाटतं की नियम मीच चुकीचा वाचला असेन. नियम पुन्हा वाचला. चौथ्यांदा. तो तेच म्हणतो.

अर्जात सरांचं वाक्य घातलेलं नाही. ते मी सिद्ध करू शकत नाही. कुणी विचारलं तर सांगेन, वेळेसकट, आणि हेही सांगेन की माझी वही एकदा चुकली आहे. पण आधी सत्तर. आधी टाकी.

खिडकी तीन दहाला उघडते. साडेनऊपासून मी तिच्यासमोर उभी असेन, रांगेत पहिली. उद्या, शुक्रवार, वीस मार्च.